बाबांच्या नावाची फेरी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंब घालून जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, दिसतंय तोवर महालक्ष्मीच्या दर्शनाला ने. लोक देवच मागतात अशा वेळी.

बाबा म्हणाले, "बाय, दिसतंय तवर मना एकदा अड्ड्यांवर फिरवून आन."

मला राग आला. माझे बाबा आधी टांगेवाले आणि मग रिक्षावाले. आख्खा जन्म त्या अड्ड्यांवर घालवला आणि आम्हाला मिळाला तो उरलासुरला. आईच्या मोठ्या आजारपणातसुद्धा ते दिवसभर घरी थांबलेले मला आठवत नाहीत. अजून तिथलं काय बघायचं शिल्लक होतं? पण म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांशी भांडण काय करणार. "बरं," म्हटलं, आणि स्कूटी काढली.

अड्डे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता बघितलेले लोक कमी. टांग्यांच्या काळात आमच्या भागात, पालघर स्टेशनपासून वर तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत आणि खाली एडवणपर्यंत, रस्त्याच्या कडेला टांगेवाल्यांसाठी निवारे होते. लाकडी खांब, वर कौलं, आत काळ्या दगडाचा एक लांब बाक आणि बाहेर घोड्यांच्या पाण्याचा हौद. कुणी बांधले ते विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. कुणी म्हणतो अमुक शेठने आईच्या नावाने बांधले, कुणी म्हणतो टांगेवाल्यांनी स्वतःच दगड वाहिले. पुढे टांगे गेले, रिक्षा आल्या, घोडे विकले गेले. निवारे तेच राहिले, नि माणसंही बरीचशी तीच.

त्या बाकाला नियम होता. बाकाचं रस्त्याकडचं टोक म्हणजे तोंड, आतलं टोक म्हणजे शेपूट. फेरी मारून आलेला माणूस शेपटाशी बसायचा. तोंडाशी बसलेला उतारू घेऊन गेला, की सगळे एकेक जागा पुढे सरकायचे. असा सरकत सरकत जो तोंडाशी येईल त्याचा नंबर. वही नाही, पावती नाही, आरडाओरडा नाही. कुणाला मध्येच उठायचं असलं तर तो खांद्यावरचा टॉवेल जागेवर ठेवून जायचा आणि शेजारचा तो टॉवेलसुद्धा सोबत पुढे सरकवायचा. टॉवेल म्हणजे माणूसच. कुणी कुणाचा टॉवेल ओलांडला असं मी ऐकलेलं नाही. घरात सख्ख्या भावाच्या वाडीतलं झाड स्वतःच्या हद्दीत ओढणारी माणसं ही, पण बाकावर साधुसंत.

बायकांना त्या बाकावर बसायला नव्हतं. मी शाळेतून येताना डबा घेऊन जायची आणि खांबाला टेकून उभी राहायची. बाबा जेवता जेवता सरकत असत. पोळीचा एक घास एका जागी, दुसरा दुसऱ्या जागी. मला ते बघून तेव्हाही चीड यायची. डबा रिकामा होईपर्यंत ते माझ्याशी बोलत नसत, लक्ष सगळं बाकाच्या तोंडाकडे.

तर सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. बाबांनी धुतलेला शर्ट घातला, खांद्यावर नवा पांढरा टॉवेल टाकला. "लग्नाला चाललात का?" मी म्हटलं. ते हसले नाहीत.

पहिला पालघरचा अड्डा. कौलं केव्हाच गेली, वर निळा पत्रा आला होता. खांबांना कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक बांधलेला, त्यावर हात जोडलेले पंधरा-वीस चेहरे. आत एक माणूस मोबाइलची कव्हरं विकत होता. त्याची पत्र्याची पेटी, त्याचं स्टूल, त्याच्या कव्हरांच्या माळा यांच्याखाली बाक होता कुठेतरी. बाबांनी हात लावून शोधून काढला आणि कोपऱ्यावर टेकले.

"काका, कव्हर दाखवू?" तो म्हणाला.

"नाय रे. बसतो जरा."

"बसा, पण गिऱ्हाईक आलं की उठा हां. जागा नाही."

रिक्षा समोरच होत्या, पण रस्त्याच्या पलीकडे, आडव्यातिडव्या. जो आधी ओरडेल त्याला उतारू. दोघं एका बाईच्या पिशवीची दोन टोकं धरून ओढत होते. बाबा नजर समोर लावून ते बघत बसले. मग एक मुलगी खरंच कव्हर बघायला आली आणि बाबा न सांगता उठले. स्कूटीवर बसल्यावर म्हणाले, "चल बोईसरला. तिथला मोठा हाय."

बोईसरचा मोठा होताच, आणि चांगला राखलेलाही होता. इतका चांगला की आत जाता येत नव्हतं. चारी बाजूंनी लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, बाहेर एक पाटी, तीवर 'ऐतिहासिक वारसा' वगैरे. खांबांना पॉलिश, बाकाला चकचकीत पिवळा ऑइलपेंट, आणि भिंतीच्या बाजूला टांग्याचं चित्र. चित्रातला घोडा हसत होता. दोन तरुण मुलं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. त्यातला एक मला म्हणाला, "आंटी, जरा साइडला व्हाल? फ्रेममध्ये येताय."

किल्ली कुणाकडे, विचारलं. पानवाला म्हणाला, उद्घाटनाला उघडलं होतं, नंतर नाही. किल्ली साहेबांकडे. कुठले साहेब, ते त्याला माहीत नव्हतं. मी आणखी दोघांना विचारलं, तिसऱ्याशी भांडले. बाबा जाळीला हात धरून आत बघत होते.

"रंग कशाला दिला दगडाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

मोडलेल्या वस्तूचं दुःख करता येतं. ही तर नटवून बंद केलेली, हिच्यासाठी रडायचं तरी कसं? मला त्या हसणाऱ्या घोड्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. इकडे बाजूच्या उन्हात दहा-बारा रिक्षावाले सीटवर पाय टाकून घामाघूम होऊन पडले होते. त्यांना निवारा नाही आणि निवाऱ्याला कुलूप. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "वो तो म्यूजियम है दीदी, अपने लिए थोड़ी है."

मला वाटलं आता बाबा म्हणतील, घरी चल. मी तर केव्हाची त्याच वाटेवर होते. पण ते म्हणाले, "तारापूरकडचा राहिला."

खरं तर मी ते टाळायला बघत होते. दोन ठिकाणी तोंडावर पडलेला माणूस तिसऱ्या ठिकाणी पडताना मला बघायचा नव्हता. तरी गेलो.

दांडी गावाकडे वळायच्या फाट्यावर हा अड्डा आहे. लहान, आडबाजूला, म्हणून कुणाच्या डोळ्यात भरला नसावा. कौलं अर्धी फुटलेली, भोकांवर प्लास्टिक. पण लांबूनच मला बाक दिसला आणि बाकावर माणसं दिसली, ओळीने बसलेली. मी स्कूटी थांबवली तेवढ्यात तोंडाशी बसलेला उठला, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन बायकांना रिक्षात घेऊन गेला, आणि बाकी सगळे सरकले.

बाबांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दुखला. "सरकले," ते म्हणाले. "बाय, सरकले ना?"

"सरकले, बाबा."

अर्धे रिक्षावाले इथलेच, किनाऱ्यावरच्या गावांतले. अर्धे बोईसरच्या कारखान्यांतलं काम सुटल्यावर रिक्षा घेतलेले उत्तरेकडचे. बाबा सरळ गेले आणि शेपटाशी बसले. कुणी हटकलं नाही. शेजारी तिशीचा, केसांना तेल लावलेला एक मुलगा होता, दांडीचाच. त्याने विचारलं, "काका, कुठं जायाचाय?"

"कुठं नाय. मी पन लाईनीतलाच. पालघरला टांगा व्हता माझा. मंग रिक्षा."

"टांगा!" तो मुलगा ओरडलाच. सगळ्यांना सांगून झालं. एकाने चहा मागवला. बाबा बोलायला लागले आणि मी खांबाला टेकून उभी राहिले, दुसरीकडे जागाच नव्हती. एरवी घरात दहा शब्द न बोलणारा माणूस घोड्याच्या खुरांना नाल कशी मारतात इथपासून वैतरणेच्या खाडीवरून येणारं वारं टांग्याला कसं लागतं इथपर्यंत सगळं सांगत होता. आणि बोलता बोलता सरकत होता. तेलवाला मुलगा मागे राहिला आणि बाबांना मानाने पुढे घेतलं. मी मनाशी कबूल केलं, की आणलं ते बरं झालं. सकाळपासून मी पहिल्यांदाच वाकड्यात शिरत नव्हते.

बाबा तोंडापासून दोन जागा मागे असताना त्यांना लघवीला जायचं झालं. ते उठले, खांद्यावरचा टॉवेल घडी करून आपल्या जागेवर ठेवला आणि मी त्यांचा हात धरून मागच्या बाजूला घेऊन गेले. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. परत आलो तेव्हा बाकाच्या तोंडाशी तो तेलवाला मुलगा उभा होता. बाबांचा टॉवेल सरकत सरकत तिथे पोचला होता. मुलाने तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि नेऊन आपल्या रिक्षाच्या हँडलला बांधला. मग समोर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला म्हणाला, "चला आजी, बसा. आज पैसे नाय. ही फेरी काकांच्या नावाची."

बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने आमच्याकडे बघून हात जोडले आणि रिक्षा गेली. पांढरा टॉवेल हँडलला फडफडत होता, आणि तो नेमका बाबांच्या अगदी समोर, जिथे त्यांना दिसतं तिथे होता.

बाबा जागच्या जागी थांबले.

या रिवाजाची टाळ्या वाजवणाऱ्यांना कल्पना नव्हती, पण मला होती. अड्ड्यावरचा माणूस मेला, की तेराव्याला त्याचा टॉवेल घरून मागवून आणत. शेपटाशी ठेवत आणि जिवंत माणसांच्या बरोबरीने पुढे सरकवत. टॉवेल तोंडाशी आला, की ज्याचा नंबर त्याच्या मागे असेल तो टॉवेल कपाळाला लावायचा, टांग्याला किंवा रिक्षाला बांधायचा आणि एक फेरी मेलेल्याच्या नावाने फुकट मारायचा. वाटेत खाडी येईल तिथे टॉवेल सोडून द्यायचा. झालं. तो माणूस बाकावरून उतरला. अशा किती फेऱ्या बाबांनी स्वतः मारल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी घरात शिरण्याआधी मागच्या दारी अंगावर पाणी घेतलं होतं.

आज त्या मुलाने बाबांचं तेरावं घातलं होतं. जिवंतपणी, कौतुकाने, चहा पाजून.

मी तोंड उघडलं तर बाबांनी हात दाबला. "गप," ते म्हणाले. "चल."

"निदान त्याला..."

"चल म्हनतो ना."

फेरी जवळचीच असावी, बाबांना स्कूटीपर्यंत आणते तोवर रिक्षा परत आली. मुलाने टॉवेल सोडला, छान घडी घातली आणि बाबांच्या पुढे धरला. म्हणजे खाडीत सोडायचंही त्याला माहीत नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्यातही शेपूट अर्धवट. बाबांनी टॉवेलाला हात लावला नाही. मी घेतला. बाबांनी मात्र मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरा चालव रे."

घरी पोचल्यावर ते आधी मागच्या दारी गेले. बादलीतलं पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला. स्वतःच्या फेरीवरून आलेल्या माणसाने केलेली आंघोळ मी त्या दिवशी ऐकली. रात्री थेंब घालायला बसवलं तर मान वर करून बसले. एडवणचा अड्डा राहिला होता, त्यांच्या गावचा. मी विचारलं, पुढच्या सुट्टीला जायचं? "आता कशाला?" म्हणाले.

माझी आई म्हणायची, हिची जीभ म्हणजे उचलली आणि टाळ्याला लावली. खोटं नाही. दोन दिवस मी गप्प राहिले, कामावर चुका केल्या, हाताखालच्या कामगारांवर ओरडले. तिसऱ्या दिवशी सुटल्यावर स्कूटी घराकडे वळलीच नाही. सरळ दांडीचा फाटा.

तो मुलगा बाकावरच होता. मला बघून हसत उठला. "ताई! काका कसे हायत?"

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. जिवंत माणसाची मेल्याची फेरी काढलीस, टाळ्या काय वाजवल्यात, ज्याला रीत माहीत नाही त्याने हात लावू नये, विचारायचं तरी होतं कुणाला. त्या मुलाचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. त्याने स्वतःचे दोन्ही कान धरले.

"आईशप्पत, ताई. माझ्या मामानी केलेली बगितली व्हती. मना वाटला, मोठ्या मानसाचा मान असतो. मामा पन सांगायला राहिला नाय." मग खाली बघत म्हणाला, "कुनाला विचारू? तुमच्या बाबांच्या आदी एक म्हातारा इथं येऊन बसला नाय."

हे मला लागलं, पण मी मागे हटणारी नव्हे. बाकावरचा एक वयाने मोठा रिक्षावाला उठला, तो म्हणाला, "हमको क्या मालूम था दीदी, ये मरने वाला काम है. अब नहीं करेंगे." आणि बाकीच्यांकडे वळून, "सुना ना? आज से बंद. अपशकुन है. कोई टॉवेल-वॉवेल नहीं बाँधेगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या मुलाने डोळे पुसले. माझा राग उतरला आणि मी स्कूटीला किक मारली. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. बापाचा अपमान झाला होता आणि लेकीने तो धुऊन काढला होता, अशा थाटात मी घरी आले.

बाबा ओटीवर बसले होते. मी पाणी पिता पिता सगळं सांगितलं. कोण काय बोललं, कान कसे धरले, ते सगळं अगदी रंगवून. ते ऐकत होते. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण मी थोडी बाजूला होते, म्हणजे मी त्यांना दिसत नसणार.

"बंद केलं म्हनाले?" त्यांनी विचारलं.

"कायमचं. परत हात लावणार नाहीत."

"अख्ख्या बाकानं?"

"अख्ख्या बाकाने."

मला वाटलं, निवले असतील. मी आत जायला वळले तेव्हा म्हणाले, "तुला कुनी सांगितला व्हता शिकवायला जायाला?"

"बाबा, त्यांनी तुम्हाला मेलेल्यात काढलं!"

"काढला तर काढला. मी बसलो हाय ना जिता. फेरी चुकीची करत व्हते, पन करत व्हते ना? पालघरला कोन करतो? बोईसरला कुलूप हाय. एक तोच पोरगा व्हता. उद्या मी गेलो तर त्यानी पुना केली असती. खरी."

मग जे सुचलं ते बोलले. म्हटलं, "मी उद्या जाते. सांगते त्यांना, की बंद करू नका."

बाबांनी मान माझ्या दिशेने वळवली, मी दिसेपर्यंत वळवली.

"आनि काय सांगशील? माझा बाप मेला की मंग करा, असा?"